फुटाण्याचा क्लास

फुटाण्याने गच्चीवरच्या कुरडया खाल्ल्या, त्या दिवशी सगुणाबाईंनी अख्खी आळी डोक्यावर घेतली.

तशा सगळ्या खाल्ल्या नव्हत्या. चार-पाच खाल्ल्या, दहा-बारा तोंडात धरून झटकल्या आणि उरलेल्यांवरून तो असा काही उधळला की ओला चीक त्याच्या पायांना, शेपटीला, एका कानाला लडबडला. तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, चीक गाळून, ऊन चढायच्या आत घालून व्हाव्यात म्हणून झुंजूमुंजू असताना उठून सगुणाबाईंनी एकटीने सोऱ्या दाबला होता. खाली येऊन चहाची बशी तोंडाला लावतात न लावतात, तोच वर धुडगूस ऐकू आला.

"किमे! ए किमे! काड ते कानातलं, आन बाहीर ये!"

किमया वरच्या खोलीतली भाडेकरू. मूळची अकोल्याची, हिंजवडीला कंपनीत कामाला. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या बसमधून उतरल्यावर घोटावड्याच्या फाट्यापाशी गटारात कुंई कुंई करणारं हे भाजक्या फुटाण्याच्या रंगाचं पिल्लू तिला सापडलं. "काकू, आठच दिवस. कोणी घेणारं भेटलं की देते," असं म्हणून तिने ते वर नेलं. घेणारं कोणी भेटलं नाही, आणि किमयाने ते शोधलंही नाही, हे सगुणाबाईंना ठाऊक होतं. ती ऑफिसला गेली की पिल्लू खाली ओट्यावर, सगुणाबाईंच्या पायात पायात.

किमया धावत गच्चीत आली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "सॉरी काकू! दार लोटलं होतं मी. कडी लावायची राहिली."

"तुज्या कडीपायी माजं तीन दिसाचं कष्ट मातीत गेलं व्हय?"

"मी तुम्हाला विकत आणून देते..."

"इकत? इकतच्या कुरडया खायाच्या असत्या तर मी पहाटं कशाला उटली असती?"

फुटाणा दोघींच्या मध्ये बसून स्वतःची शेपटी चाटत होता. त्यावर तर सगुणाबाईंचा पारा आणखी चढला. जनावराला आणि पोराला वळण लागतं ते लहानपणीच, नंतर नाही, हे त्यांचं मत होतं आणि ते मत त्यांनी कधी कुणाला विचारून बनवलेलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "म्हैनाअखेरपत्तुर ह्याला वळण लाव. न्हाईतर दोगंबी दुसरी खोली बगा."

किमयाने फुटाण्याच्या कानाला लागलेला चीक पुसला. मग हळूच म्हणाली, "काकू, क्लास असतात. पिल्लांचे."

"कुत्र्याचा क्लास?"

"हो. मी दोन बघून ठेवलेत."

सगुणाबाई खाली आल्या आणि नवऱ्यासमोर फणकारल्या. "आईकलं का? आपल्या गोठ्यात सात बैलजोड्या झाल्या. कुणाला क्लास लावला हुता?"

नथूभाऊ पेपर वाचत होते. जमिनीचा रस्त्याकडचा तुकडा कंपनीला गेला आणि बैल विकले, तेव्हापासून त्यांच्या बोलण्यातली निम्मी वाक्यं कमी झाली होती. "मग तूच शिकव की," एवढं म्हणून त्यांनी पान उलटलं.

"मला दुसरी कामं न्हाईत?"

पण निवडीचं काम त्यांनी किमयावर सोडलं नाही. जिला कडी लावायची आठवत नाही, ती मास्तर काय निवडणार? रविवारी सकाळी त्या किमयाच्या स्कूटीवर मागे बसल्या आणि दोघी लवळ्याला गेल्या. पिल्लू घरीच ठेवलं होतं. क्लासवाल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, की पहिल्यांदा तुम्ही एकट्या या, बघा, पटलं तर पिल्लाला आणा.

विद्यापीठाच्या चढावाच्या अलीकडे एका शेडसमोर झाडाखाली चौघे जण चटया टाकून बसले होते. प्रत्येकाजवळ एकेक पिल्लू. शिकवणारी साधना लवळ्याचीच, पस्तिशीची, बारीक, उन्हाने रापलेली. जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली नऊ वर्षं काम करून तिने हे शिकून घेतलं होतं. सगुणाबाई अर्धा तास उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांना काही म्हणता काही दिसलं नाही. एका पिल्लाने मान वळवून मालकाकडे बघितलं, तर त्याला "शाब्बास" आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दुसरं चटईवर आडवं झालं, तर त्यालाही शाब्बास. तिसरं भुंकत होतं, तर त्याला कुणी काही बोलेना, उलट चटई उचलून लांब नेली.

"हे शिकवणं म्हंजी नुसतं लाड," सगुणाबाई मोठ्याने म्हणाल्या.

साधना वळली. "लाड न्हाईत काकी. बगितल्यावर खायला मिळतं, हे त्याला कळलं म्हंजी उद्या गाडी आली तरी ते आदी तुमच्याकडं बगंल. लसीचं कार्ड आणलंय का?"

किमयाने कार्ड दाखवलं. साधनाने तारखा वाचल्या, एका सुईची तारीख जवळ आलीय म्हणून सांगितलं. मग पिल्लू कुठं सापडलं, काय खातं, कशाला भितं, दिवसभर कुणाजवळ असतं, असे पंचवीस प्रश्न विचारले.

"किती दिसात शिकंल?" सगुणाबाईंनी मुद्द्याला हात घातला.

"बसणं-उठणं म्हैन्याभरात. घरात नीट वागणं, त्याला सा म्हैने तरी. हमी न्हाई देत मी."

"हमी न्हाई देत आन क्लास घेती!" परतीच्या वाटेवर सगुणाबाई पिरंगुटपर्यंत हेच म्हणत होत्या.

दुसरा क्लास घोटावड्यातच होता, घरापासून पायी पंधरा मिनिटांवर, कारखान्याच्या मागच्या माळावर. लोखंडी फाटकावर मोठा बोर्ड: 'दहा दिवसांत शिस्त. शंभर टक्के हमी.' गळ्यात शिट्टी, अंगात मिलिटरीच्या कापडाची पँट घातलेला अमोघ सर नावाचा तरुण बाहेर आला. त्याने शिट्टी मारली. एक थोराड कुत्रा पळत आला आणि त्याच्या डाव्या पायाला चिकटून चालू लागला. थांबला की थांबायचा, वळला की वळायचा. कान मागे, नजर खाली.

"याला म्हंत्यात वळण," सगुणाबाई किमयाला म्हणाल्या.

"पिल्लू सकाळी सोडा, दुपारी न्या," अमोघ सर म्हणाला. "फक्त एक नियम. ट्रेनिंग चालू असताना आत यायचं नाही. घरची माणसं दिसली की पिल्लू लाडात येतं."

किमया कुजबुजली, "काकू, यांनी लसीचं कार्डसुद्धा विचारलं नाही. आणि बघू का देत नाहीत?"

"शाळंत पोराच्या शेजारी आई बसती का?" सगुणाबाईंनी तिला गप्प केलं. मग त्या अमोघकडे वळून म्हणाल्या, "आमाला कडकच पायजेल. घरात लई सोडलंया त्याला."

किमयाच्या चेहऱ्यावर नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण खोली सुटली तर पिल्लासकट भाड्याने घेणारं दुसरं घर आसपास मिळणार नव्हतं. तिने मान हलवली.

सोमवारपासून सगुणाबाई फुटाण्याला काखेत मारून फाटकापाशी सोडू लागल्या. पहिल्या दिवशी दुपारी आणलं तेव्हा ते नुसतं झोपलं. दुसऱ्या दिवशी ते घरभर पळालं नाही, पायात आलं नाही, चपलेला तोंड लावलं नाही. ओट्याच्या कडेला बसून राहिलं. "बगा," सगुणाबाई नथूभाऊंना म्हणाल्या, "दोन दिसात माणसात आलं." तिसऱ्या दिवशी ते भाकरी खाईना. उन्हाळा आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी त्या अंगणात दोरीवर टॉवेल वाळत घालायला गेल्या. टॉवेल झटकायला त्यांनी हात वर केला मात्र, मागे ओट्यावर बसलेलं पिल्लू पोटावर सपाट झालं. पाय अंगाखाली घेतले, डोळे मिटले, आणि त्याच्याखालून पाण्याचा ओघळ निघाला.

सगुणाबाईंचा हात तसाच वर राहिला.

"अवो," त्यांनी हाक मारली. "हिकडं या."

नथूभाऊ आले. त्यांनी पिल्लाकडे बघितलं, बायकोच्या हातातल्या टॉवेलकडे बघितलं. खाली बसून त्यांनी पिल्लाच्या मानेवर बोटं फिरवली. केसांत एका जागी कातडी सोलून लाल झाली होती, वर्तुळासारखी.

"काळ्या खोंड आटवतो का?" ते म्हणाले. "वाघोलीच्या बाजारातनं आणलेला. हात वर केला की गुडघ्यावं बसायचा. लोकं म्हणायची, किती गरीब खोंड. गरीब न्हवता त्यो."

"मारकुट्याच्या हातचा हुता," सगुणाबाई म्हणाल्या.

"व्हय."

सगुणाबाईंनी ओटा पुसला. त्यांच्या अंगाची लाही लाही होत होती, आणि ती नेमकी कुणावर, हे त्यांना त्या घटकेला ठरवता येईना. किमयाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं.

गुरुवारी त्यांनी फुटाण्याला नेहमीसारखं फाटकापाशी दिलं. देताना ते त्यांच्या पदराला नख्या रुतवून बसलं होतं. अमोघने एकेक नखी सोडवली आणि हसून म्हणाला, "नाटकं करतात मावशी." सगुणाबाई मुकाट्याने वळल्या, घराच्या दिशेने वीसेक पावलं चालल्या आणि उजव्या हाताला ओढ्यात उतरल्या. हा माळ त्यांच्या चुलतदिराचा, कोंडिबाचा. इथं त्यांनी शेळ्या वळल्या होत्या. कुठून शिरलं की कुठं निघतं, हे त्या शिट्टीवाल्याला काय ठाऊक? घाणेरीच्या जाळीतून वाट काढत त्या मागच्या बांधावर आल्या.

समोर मोकळं मैदान. पाच-सहा पिल्लं खुंट्यांना बांधलेली, उन्हात, पाण्याचं भांडं कुठं नाही. मध्ये अमोघ आणि फुटाणा. फुटाण्याच्या गळ्यात साखळीचा फास. "सिट!" अमोघ ओरडला. पिल्लू त्याच्याकडे बघत राहिलं. अमोघने पट्टा वर ओढला. पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. पिल्लू मागच्या पायांवर लटपटत उभं, तोंड उघडं, आवाज नाही. "सिट!" पट्टा सोडला, पिल्लू कोसळलं. पुन्हा वर. पुन्हा वर.

तिसऱ्या वेळी सगुणाबाई बांधावरून खाली आल्या होत्या.

"सोड! सोड त्याला, मुडद्या!"

अमोघ दचकला, पण पट्टा सोडला नाही. "मावशी, तुम्ही आत कशा आलात? नियम सांगितला होता ना?"

"घाल चुलीत तुजा नियम! फाशी दितो व्हय लेकराला? सोड आदी!" त्यांनी त्याच्या मनगटाला धरून पट्टा हिसकावला. साखळीचा फास सैल केला. फुटाणा त्यांच्याही हाताला भ्याला, मान आत घेऊन बसला.

"ही करेक्शनची पद्धत आहे," अमोघ आवाज चढवून म्हणाला. "तुम्हाला यातलं कळत नाही. आणि हे गावठी आहे. गावठी कुत्र्याला दणका बसल्याशिवाय समजत नाही."

"गावठी म्हंजी?"

"म्हणजे..."

"न्हाई, सांग की. गावठी म्हंजी काय? मीबी गावठीच हाय. ज्या मातीवं तू शिट्टी वाजवतोयास ती गावठी हाय. आमी दावणीला बैल शिकवले, ते नांगर वडायचे, शेतातनं एकटे घरी यायचे. एकाच्याबी गळ्याला असा वळ न्हवता!"

अमोघने कमरेवर हात ठेवले. त्याला आता उत्तर सापडलं होतं. "मावशी, तुम्हीच म्हणाला होतात. कडकच पायजेल. लई सोडलंया म्हणालात. तुमची पसंती होती, आता मला कशाला बोलता?"

सगुणाबाई फुटाण्याला उराशी धरून फाटकाकडे निघाल्या. जाता जाता खुंट्याला बांधलेल्या पिल्लांपुढे थांबल्या, कोपऱ्यातल्या टाकीवरून बादली भरून आणली आणि ती त्यांच्यामध्ये दणकन ठेवली. अमोघ बघत राहिला.

फाटकाबाहेर एक मोटार येऊन थांबली होती. इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ मागच्या सीटवरून काळंभोर, गुबगुबीत पिल्लू काढत होता.

"दादा, आत जाऊन बगा," सगुणाबाई त्याला म्हणाल्या. "दोन मिंट आत जा. पिल्लांना फास लावत्यात हितं."

त्याने त्यांच्याकडे बघितलं, घाणेरीच्या फळांचे डाग पडलेल्या पातळाकडे, पायांवरच्या चिखलाकडे बघितलं, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे. "मला मीटिंग आहे हो," तो म्हणाला, आणि त्याने पिल्लू आत दिलं.

सगुणाबाई घरापर्यंत त्या माणसाला शिव्या देत आल्या. शिव्या देताना पाणी डोळ्यांतून वाहत होतं, आणि वाटेत भेटलेल्या साळूबाईने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिच्यावरही त्या खेकसल्या.

संध्याकाळी किमया आली. सगुणाबाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, फास, पाय, वळ. सांगताना त्यांना वाटत होतं की दोघी मिळून आता त्या मेल्याला शिव्या घालू. किमयाने फुटाण्याच्या मानेवरचे केस बाजूला करून बघितलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"मी म्हटलं होतं काकू. कार्ड विचारलं नाही म्हटलं होतं. आत का येऊ देत नाहीत म्हटलं होतं."

"मला काय सपान पडलं हुतं?"

"तुम्हाला ऐकायचंच नव्हतं! तुम्हाला कोणी उलट बोललेलं चालत नाही. तुम्ही घरमालक, तुम्ही म्हणाल ते. माझं पिल्लू होतं, काकू. आणि मी खोली जाईल म्हणून गप्प बसले. मलाच लाज वाटून राहिली." तिने पिल्लू उचललं. "म्हैनाअखेर कशाला, मी पंधरा दिवसांत खोली सोडते."

"सोड! मी काय पाय धरू तुजं?" सगुणाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

वरचं दार आपटलं. सगुणाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी इतक्या जोराने घासू लागल्या की नथूभाऊ उठून बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्या कोंडिबाकडे गेल्या. जागा त्याची, भाडं त्याला मिळतं, तर त्याने त्या माणसाला हाकलावं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. कोंडिबाने सुपारी कातरत ऐकून घेतलं. "वैनी, कुत्रीच हायेत," तो म्हणाला. "माणसं तर न्हाईत."

"माणूस त्या फाटकात कुटं दिसलाच न्हाई मला," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्याचा चहा न घेता उठल्या.

मग त्यांनी भाजीच्या बाजारात, दुधाच्या डेअरीवर, बचतगटाच्या बैठकीत, जिथं दोन माणसं उभी दिसतील तिथं हे सांगायला सुरुवात केली. किमयानेही तिच्या बाजूने हातपाय हलवले होते. तिने पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, मानेच्या वळाचे फोटो जोडले, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला कळवलं. चौकशी झाली. संस्थेची दोन माणसं येऊन गेली, खुंट्यांजवळ पाण्याची भांडी आली. आणि आठवड्याभरात त्या मैदानाला चारी बाजूंनी पुरुषभर उंचीची हिरवी जाळी लागली. बांधावरूनही आतलं दिसेना. फाटकावरचा बोर्ड होता तसाच राहिला. येता-जाता तो बोर्ड दिसला की सगुणाबाईंच्या कपाळावरची शीर आजही उडते.

या सगळ्या दिवसांत किमया त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. ऑफिसला जाताना पिल्लू खाली ठेवायची, आणि "दार लावलंय" एवढं म्हणून निघायची. तिने दोन खोल्या बघितल्याचं नथूभाऊंच्या कानावर आलं होतं. दोन्हीकडे कुत्रं चालत नव्हतं.

शेवटी एका शनिवारी सगुणाबाई जिना चढून वर गेल्या. गुडघे धरून, मधल्या पायरीवर थांबून. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या लवळ्याला जायाचं का?"

किमयाने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "मी फोन केला होता. साधनाताई म्हणाल्या, दिवसभर जे माणूस त्याच्याजवळ असतं, त्यानेच क्लासला बसायला पाहिजे. नुसतं मला शिकवून उपयोग नाही."

"म्हंजी मी?"

"हो."

"ह्या वयात मी चटईवर बसून कुत्र्याला अंडी भरवू?"

"तुमची मर्जी."

"माजं चुकलं" हे दोन शब्द सगुणाबाईंच्या तोंडाला सवयीचे नव्हते. त्यांनी दाराची चौकट नखाने खरवडली, एक रंगाचा पोपडा काढला, आणि म्हणाल्या, "तू बोलली ते खरं हाय. मी आईकलं न्हाई तुजं. मला वाटलं, मला समदं कळतं." मग एकदम आवाज चढवून, "आन खोली-बिली सोडायची न्हाई. कुरडयाचा राग मी कवाच सोडला!"

किमया हसली नाही. पण तिने लॅपटॉप मिटला.

रविवारी लवळ्याला साधनाने फुटाण्याला बघितलं, पण सगुणाबाईंना वाटलं होतं तसं काहीच केलं नाही. जवळ गेली नाही, हाक मारली नाही. तो स्कूटीवरून उतरल्या उतरल्या जवळच्या सिमेंटच्या बाकाखाली शिरला होता.

"काकी, तुमी त्या बाकापाशी खाली बसा. त्याच्याकडं पाठ करून. हातात अंड्याचा तुकडा ठिवा, आन बगू नका."

"आन मग?"

"मग काय न्हाई."

सगुणाबाई बसल्या. बाकीची चार पिल्लं चटयांवर बसत होती, उठत होती, शाब्बास मिळवत होती. पाऊण तास झाला. पाय बधिर झाले. अंड्याला मुंग्या लागल्या. शेवटी त्यांच्याने राहवेना. "अगं बाई, हा कसला क्लास? निस्तं बसवून ठिवलंय! ते तितंच बसलंय, आन मी हितं!"

"आज त्यानं बाकाखाली बसायचं," साधना शांतपणे म्हणाली. "कुणी वडून काडत न्हाई, हे त्याला कळायला पायजेल. तेवढंच शिकायचंय आज. दहा दिसात जे मोडतं ना काकी, त्ये जुळायला किती लागंल, ते त्यो ठरवनार. आपुन न्हाई."

सगुणाबाईंना ते लागलं. नवी अंड्याची फोड हातात घेऊन त्या पुन्हा पाठ करून बसल्या. किमया येऊन त्यांच्या शेजारी बसली. क्लास संपत आला तेव्हा सगुणाबाईंच्या तळहाताला काहीतरी ओलं लागलं आणि फोड नाहीशी झाली. त्यांनी वळून बघितलं नाही. श्वाससुद्धा जपून घेतला.

पुढचे रविवार असेच गेले. दुसऱ्या रविवारी तो बाकाच्या कडेपर्यंत आला. तिसऱ्या रविवारी चटईचा एक कोपरा त्याने स्वतःचा ठरवला. घरी सगुणाबाई साधनाने सांगितलेलं दिवसातून चारदा करत, फक्त त्यातला इंग्रजी शब्द त्यांनी काढून टाकला होता. "बस की रं" म्हटलं की तो बसायचा, कधी लगेच, कधी विचार करून. एकदा नथूभाऊ सहज म्हणाले, "बस की गं, दुपारचं ऊन हाय," तर ते बायकोला म्हणत होते आणि बसला मात्र फुटाणा.

पाचव्या रविवारी साधनाने सगळ्यांना मैदानाच्या एका टोकाला उभं केलं. पिल्लं दुसऱ्या टोकाला, तिच्या मदतनिसांजवळ, पट्ट्याविना. एकेकाने आपल्या पिल्लाला हाक मारायची. एका इंजिनिअरच्या पिल्लाने सरळ रेघेत धाव घेतली, बाणासारखी. दुसरं, तिसरंही नीट आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगुणाबाईंची पाळी आली. त्या खाली बसल्या, साधनाने सांगितलं होतं तसं, हात मोकळे, मांडीवर.

"फुटाण्या! हितं ये रं राजा, हितं!"

फुटाण्याने कान टवकारले. निघाला. दहा पावलांवर थांबून त्याने एका दगडाचा वास घेतला. पुन्हा निघाला. मध्येच एक फुलपाखरू दिसलं, त्याच्यामागे गोल फिरला. मग इंजिनिअरच्या नव्याकोऱ्या पिशवीपाशी जाऊन त्याने पाय वर केला, सावकाश काम उरकलं, अंग झाडलं, आणि तिथून मात्र कान उडवत, जीभ बाहेर, चारी पायांनी उड्या मारत तो आला आणि सगुणाबाईंच्या मांडीवर आदळला. त्या मागे कलंडता कलंडता वाचल्या. त्यांनी दोन्ही हात त्याच्याभोवती टाकले, आणि त्याने मान आत घेतली नाही.

मागे लोक खो खो हसत होते. इंजिनिअर पिशवी उचलून धरून उभा होता, तोही हसत होता, आणि किमयाच्या तर डोळ्यांतून पाणी येत होतं.

सगुणाबाईंनी मान वळवली. पदर सावरला. कपाळावरची शीर उडू लागली होती.

"हसताय काय?" त्या गरजल्या. "आला ना त्यो!"